हिरडीलगतची रेघ

३ फेब्रुवारी

ही वही वन्संनी दिली. "मनातलं मनात ठेवून कुढत बसतेस, त्यापेक्षा कागदावर उतरव. मन मोकळं होईल," म्हणाल्या. वन्सं म्हणजे माझी नणंद, शाळेतून निवृत्त झालेली. माझे यजमान गेल्यापासून आम्ही दोघीच एका घरात राहतो आणि त्यांना शिकवायला आता मी एकटीच उरले आहे. मला मन मोकळं करायचं नाही. आजचा दिवस विसरू नये म्हणून लिहिते आहे.

आमच्या लॅबमध्ये दातांच्या कॅपा आणि कवळ्या तयार होतात. डॉक्टर तोंडाचं माप पाठवतात, आम्ही दात करून पाठवतो. मी तिथे बावीस वर्षं आहे. पुढच्या दातांवर चिनी मातीचे थर चढवायचे आणि ते शेजारच्या खऱ्या दाताशी असे जुळवायचे की आरशात बघणाऱ्यालाही आपला कुठला आणि आमचा कुठला ते कळू नये, हे माझं काम. मोठे साहेब निवृत्त झाले की लॅबची व्यवस्था माझ्याकडे येणार हे तिथल्या भिंतींनाही माहीत होतं. मी तर त्या खुर्चीसाठी उशीसुद्धा शिवून ठेवली होती.

आज मालकीणबाईंनी सगळ्यांना गोळा केलं आणि म्हणाल्या, "हे आपले नवे व्यवस्थापक." दारातून कोण आलं? चिरंजीव!

हे नाव मीच पाडलेलं. नऊ वर्षांपूर्वी तो आला तेव्हा ब्रश कुठल्या टोकाने धरायचा हे त्याला ठाऊक नव्हतं. पोटच्या पोरासारखं शिकवलं, माझ्या डब्यातलं अर्धं त्याच्या पोटात गेलं. तीन वर्षांपूर्वी तो 'माणसं कामाला कशामुळे लागतात' असल्या कुठल्याशा अभ्यासक्रमाला गेला, आणि आता आयत्या पिठावर रेघोट्या ओढायला परत आला. सगळ्यांसमोर माझ्याजवळ येऊन म्हणाला, "बाई, तुमच्याशिवाय मला हे जमणार नाही."

"अहो साहेब, आमचं मेलीचं काय घेऊन बसलात," मी म्हटलं. 'अहो साहेब' ऐकून त्याचा चेहरा पडला. आज दिवसभरात तेवढंच एक बरं झालं.

६ फेब्रुवारी

माझं टेबल काढून घेतलं.

उत्तरेच्या खिडकीपाशी होतं. दाताचा रंग बघायला तसा उजेड दुसरीकडे कुठे नाही. तिथे आता तो स्वतः बसणार. मला काचेची खोली दिली आहे आणि दारावर 'मार्गदर्शक' अशी पाटी. मांजराच्या गळ्यात घंटा बांधावी तशी.

"तुम्ही सगळ्यांच्या कामावर नजर ठेवा, बाई. आणि हाताला चाळा म्हणून दाढा करत जा."

दाढा! दाढ कुणाला दिसते? जांभई देणाऱ्याच्या समोर जो बसला असेल त्याला. कारण मला कळत नाही असं त्याला वाटतं. गेल्या दोन-तीन महिन्यांत माझ्या चार-पाच कामांचा रंग जुळला नाही म्हणून डॉक्टरांनी कुरकुर केली होती, ते कुणीतरी त्याच्या कानावर घातलं असणार. ट्यूबलाइट बदलल्यापासून लॅबमध्ये धड काही दिसत नाही, हे मी किती वेळा सांगितलं. आणि आजकालच्या डॉक्टरांना रंग कळतो कुठे? नाचता येईना, अंगण वाकडं.

केसाने गळा कापला माझा. याची परतफेड झाल्याशिवाय मी या लॅबमधून हलणार नाही, हे इथे लिहून ठेवते.

१० फेब्रुवारी

आज भिंतीवर मोठा फळा लागला. त्याला 'गुणफलक' म्हणायचं. प्रत्येकाला एक नंबर, आणि नंबरापुढे तीन रकाने: केलेलं काम, वेळेत गेलेलं काम, परत आलेलं काम. दर शनिवारी बेरीज. स्वतःचाही नंबर लावला आहे त्याने, मोठा न्यायी ना!

आम्हाला नंबर लागत नाहीत हे त्याला माहीत असायला हवं होतं. आमच्याकडे जुनी रीत आहे. दाताला शेवटची चकाकी देण्याआधी करणारा माणूस मागच्या बाजूला, हिरडीलगत, सुईने आपली खूण करतो. जिभेलाही लागत नाही इतकी बारीक. पेशंटला कधी कळत नाही, डॉक्टरलाही नाही. माझी खूण म्हणजे एक उभी रेघ आणि तिच्या पायथ्याशी टिंब. हे मोठ्या साहेबांनी कधी सांगितलं नव्हतं आणि कधी अडवलंही नाही. कुणाच्या तरी तोंडात माझी रेघ रोज जेवते, हसते, भांडते, एवढ्यासाठी मी बावीस वर्षं पाठ मोडून घेतली.

खुणा बंद करायला मात्र त्याने सांगितलं नाही. विसरला असेल.

१४ फेब्रुवारी

आज त्याने भाषण दिलं. "माणूस पगारासाठी येतो, पण चांगलं काम दुसऱ्याच कशासाठी तरी करतो. ते काय आहे ते शोधून काढलं पाहिजे."

मला हसू आवरेना. अभ्यासक्रम करून आला आहे म्हणे! मी कुठलाही अभ्यासक्रम न करता सांगते. कामावर येणारा प्रत्येक माणूस एका खुंटीवर टांगलेला असतो. पॉलिशवाला मुनी, दिवसभरात चार शब्द बोलला तर खूप. तो भिंतीकडे तोंड करून बसायला मिळतं म्हणून येतो. मेणवालीला घरी बोलायला कुणी नाही, ती बोलायला येते. तोंड चालतं तोवर तिचे हात चालतात. भट्टीवाल्याला त्या भट्टीचा लळा आहे. तिला 'म्हातारी' म्हणतो. कामाची वेळ नऊची, हा साडेसहाला येऊन तिला हळूहळू तापवतो, कारण घाईने तापवलेल्या भट्टीत दात तडकतो. कुणी सांगितलं नव्हतं.

भाषण संपल्यावर चिरंजीव काचेच्या खोलीत आला आणि म्हणाला, "बाई, तुम्ही सगळ्यांना आतून-बाहेरून ओळखता. कुणाला कसलं बक्षीस द्यायचं ते तुम्हीच सुचवा. तुम्ही म्हणाल तसं करतो."

काय सांगू! मी सुरी शोधत होते आणि याने ती मुठीकडून माझ्या हातात दिली. खुंटी दुसऱ्या कुठल्या मार्गाने हलत नाही, पण बक्षिसाने अलगद उपटता येते. आणि उपटायची त्याच्याच हाताने. गुरूची विद्या गुरूला काय शिकवतोस रे, बघ आता.

२६ फेब्रुवारी

सुरुवात भट्टीवाल्यापासून केली. मी सुचवलं, "इतक्या लवकर येतो बिचारा, त्याला रोज दहा गुण द्या." दिले. वहीत वेळ लिहायची, सही करायची. भट्टीवाला आधी लाजला, मग खूश झाला, मग सव्वासहाला येऊन सही करायला लागला. परवा मी चिरंजीवांना म्हटलं, "बाकीचे कुरकुरतात, याचे गुण फुगतायत. आठवड्यातून दोनच दिवस द्या." त्याने मान डोलावली.

आज भट्टीवाला नऊला पाच कमी असताना आला. मी विचारलं, "काय रे, आज उशीर?"

"उशीर कसला, ताई? ड्यूटी नऊची आहे. गुण नाहीत तर मी फुकट का मरू?"

तीन महिन्यांपूर्वी याच माणसाने तापात येऊन म्हातारी तापवली होती. मीच चकित झाले, इतक्या लवकर! संध्याकाळपर्यंत दोन कॅपा तडकल्या.

४ मार्च

वन्सं म्हणाल्या, "अगं, तुझे दोन मोजे दोन रंगांचे आहेत." दोन्ही काळेच होते. म्हातारपणी माणसाला दुसऱ्याच्या चुका काढायची हौस येते. वर म्हणतात, "एकदा डोळे दाखवून ये." बसच्या पाट्या हल्ली इतक्या पुसट रंगवतात, त्यांचे डोळे आधी तपासा म्हणावं.

११ मार्च

मेणवाली सलग दोन शनिवार पहिली आली. मी सुचवलं, "तिला गडबडीचा त्रास होतो, साहेब. बक्षीस म्हणून स्वतंत्र खोली द्या, शांत." चिरंजीवाने स्वतः सुताराला उभं करून खोली करून घेतली. दाराला फीत बांधली, टाळ्या वाजल्या. मेणवाली खुर्चीवर बसून चहूकडे बघत होती. तिला तिथे कोण भेटणार? मेण आणि चार भिंती.

पुढच्याच दिवशी दुपारी चहाला मला म्हणाली, "ताई, तुमच्या खोलीला काच तरी आहे." मी म्हटलं, "मानाची खोली आहे गं, दिवस काढ." काळजात जरा टोचलं. पण युद्धात दोन-चार जखमी व्हायचेच.

१९ मार्च

पहारेकऱ्याकडून कळलं की साहेब रोज पहाटे सहाला येतात. परत आलेली पार्सलं पहिल्या कुरिअरने येतात, ती तो स्वतःच उघडतो. आधी हे काम कुणीही करायचं. भट्टीवालाही म्हणाला, "ताई, मी येतो तेव्हा छोटी भट्टी गरम असते. कोण वापरतं कळत नाही."

मला कळतं. माझ्या कामात खोट सापडते का ते शोधत असणार. शोध म्हणावं! कारण मला फक्त दाढांवर बसवायचा त्याचा बेत फसला. जुन्या डॉक्टरांनी फोन करून बजावलं, पुढचे दात बाईंच्याच हातचे हवेत. आणखी दोघा-तिघांनी तसंच कळवलं. आठवड्याला दोन-तीन पुढचे दात मिळतात मला. काचेच्या खोलीत टेबलदिवा लावून करते. आणि फळ्यावर माझ्या नंबरापुढे परत आलेलं काम: शून्य. हातच्या कांकणाला आरसा कशाला?

गंमत म्हणजे साहेबांच्या स्वतःच्या नंबरापुढे चार आहेत. रंग जुळला नाही म्हणून! खिडकी बळकावली, पण नजर कुठून आणणार?

२ एप्रिल

आज मुनी.

माझी सूचना साधी होती. दर आठवड्याच्या उत्तम कारागिराने सगळ्यांसमोर उभं राहून दहा मिनिटं आपली पद्धत समजावून सांगायची. चिरंजीव आनंदला, "बाई, हे तर मला पुस्तकातही सुचलं नसतं." या आठवड्यात पहिला कोण येणार हे मला माहीत होतं. मुनीच्या पॉलिशला तोड नाही.

मुनी उभा राहिला. हातातली कवळी फिरवत राहिला. कपाळावर घाम. "म्हणजे... हे असं... गोल," एवढं बोलला आणि थांबला. कुणीतरी उत्साहाने टाळ्या वाजवल्या, मग सगळ्यांनीच. तो टाळ्या संपेपर्यंत तसाच उभा होता. जागेवर गेला तेव्हा त्याने यंत्र चालूच केलं नाही, नुसता हात ठेवून बसला.

चिरंजीव हळूच मला म्हणाला, "जरा बुजला ना? सवय होईल, नाही का बाई?" मी म्हटलं, "होईल की."

९ एप्रिल

जुन्या डॉक्टरांचा फोन मुद्दाम मला. "बाई, यावेळी रंग अगदी बरोबर. पेशंट आरशासमोरून हलेना."

'यावेळी' म्हणजे काय? एरवी काय चूक असतो? म्हातारपणी यांचंही बोलणं घसरायला लागलं आहे. पण दिवसभर शीळ घालावीशी वाटत होती.

२१ एप्रिल

मुनी तीन दिवस आला नाही. आज त्याची चिठ्ठी आली, दुसरीकडे काम मिळालं आहे, हिशोब पाठवून द्यावा. कुठे मिळालं तर एका गोदामात, खोकी मोजायचं.

चौदा वर्षं होता माणूस. त्याची खूण म्हणजे एक छोटासा गोल. आज त्याच्या भिंतीसमोर कुणी बसलं नव्हतं. मी दोनदा तिकडे बघितलं, मग काचेला पडदा लावून घेतला.

२२ एप्रिल

काल झोप लागली नाही. मनात आलं, थांबावं का? मुनीने माझं काय वाकडं केलं होतं? मग आठवलं, सगळ्यांसमोर 'मार्गदर्शक' म्हणून मला काचेत बसवलं तेव्हा किती जण हसले होते. मुनी हसला नव्हता, हे खरं आहे. पण आता बाण सुटलेला आहे. जबाबदार चिरंजीवच. खुर्चीवर तो आहे.

६ मे

परत आलेल्या कामांची बेरीज: फेब्रुवारीत नऊ, एप्रिलमध्ये एकतीस. मेणवाली तास-तास नुसती बसते, परवा वरची कवळी खालच्या साच्यावर बसवली. भट्टीवाला घड्याळाकडे बघून दात आत टाकतो. आणि साहेबांच्या स्वतःच्या नंबरावर अकरा! अख्ख्या लॅबमध्ये सगळ्यात जास्त. माझ्यापुढे अजून शून्य.

मी ते अकरा एका कागदावर तारखांसकट उतरवून घेतले आहेत. फळ्यावरचा खडू पुसला जातो, कागद राहतो.

१५ मे

झालं!

मालकीणबाईंनी बैठक बोलावली. त्यांच्या हातात डॉक्टरांच्या तक्रारींचा गठ्ठा होता. चिरंजीव काहीतरी बोलायला लागला, बदल रुजायला वेळ लागतो वगैरे. मालकीणबाई माझ्याकडे वळल्या. "तुमचं काय मत, बाई? तुम्ही सगळं जवळून बघताय."

मी कागद काढला. आवाज चढवला नाही. "मॅडम, मी लहान तोंडी मोठा घास घेत नाही. पण ज्यांच्या स्वतःच्या नंबरावर तीन महिन्यांत अकरा कामं परत आली, तीही रंग चुकल्यामुळे, ते दुसऱ्यांना काय वळण लावणार?"

त्याने माझ्याकडे पाहिलं. मला वाटलं, आता उसळेल, काही तरी पुरावा काढेल, म्हणून मी तयारीत होते. "खरं आहे," म्हणाला, "अकरा आहेत." आणि मान खाली. चोराच्या मनात चांदणं!

संध्याकाळी तो आपला डबा आणि पुस्तकं पिशवीत भरून गेला. जाताना काचेवर टकटक करून म्हणाला, "बाई, तब्येतीला जपा." वरून साळसूद.

शंभर दिवस लागले. घरी येऊन वन्संना बातमी दिली तर त्या नीट जेवल्याही नाहीत. म्हटलं, यांना माझं चांगलं कधी बघवलं आहे?

१८ मे

व्यवस्थापक. परवाच पत्र आलं. उशी नेऊन खुर्चीवर ठेवली. मेणवालीला तिच्या 'मानाच्या' खोलीतून काढून परत सगळ्यांत बसवलं, ती रडली. भट्टीवाल्याला म्हटलं, आता गुण नाहीत, फळा काढून टाकला. तो म्हणाला, "बरं, ताई." आणि दुसऱ्या दिवशीही नऊलाच आला. मला वाटलं होतं, फळा गेला की तो साडेसहाला येईल.

२० मे

आज खिडकीचं टेबल परत घेतलं. उत्तरेचा उजेड, माझा ब्रश, समोर पुढचा दात आणि शेजारी शेडची पट्टी, म्हणजे दातांच्या सगळ्या रंगांचे नमुने ओळीने लावलेली. मी नमुना दाताशेजारी धरला. मग दुसरा धरला. मग तिसरा. तिन्ही सारखे. काच घाण असेल म्हणून पुसली. तिन्ही सारखेच.

रुमाल शोधायला खालचा खण उघडला. आत एक पत्र्याची डबी, त्यात कागदाच्या लहान पुड्या. पुडीत एकेक दात, वर चिरंजीवाच्या अक्षरात तारीख. मोजल्या. अकरा. माझ्या कागदावरच्याच तारखा.

त्याची फसलेली कामं! मनात आलं, ही डबीही मालकीणबाईंच्या टेबलावर नेऊन ठेवावी. एक दात उचलला आणि सवयीने मागच्या बाजूवरून नख फिरवलं.

नखाला रेघ लागली. उभी. पायथ्याशी टिंब.

दुसरा उचलला, तिसरा. अकराही. डोळ्यांनी मला ती रेघ दिसत नव्हती, पण नखाला माझा हात ओळखता येतो.

डबी घरी आणली. वन्संसमोर दात आणि पुडीतल्या डॉक्टरांच्या चिठ्ठ्या मांडल्या, शेडची पट्टी दिली. "हा कुठला रंग आणि मागितलेला कुठला, सांगा." वन्संनी चष्मा लावला. "अगं, हे मागितलेत पांढरे आणि हे सगळे पिवळट आहेत. केवढा फरक आहे. तुला दिसत नाही?" त्यांनी चष्मा काढून माझ्या हातावर हात ठेवला. "तो दोनदा येऊन गेला माझ्याकडे. तुझ्या डोळ्यांचं विचारायला. तुला सांगायचं नाही म्हणून शपथ घातली होती."

२१ मे

त्याच्या घरी गेले. दार बायकोने उघडलं. "आता काय न्यायचं राहिलंय?" म्हणाली आणि आत निघून गेली.

तो मोडक्या खुर्चीला फळी ठोकून ती दुरुस्त करत होता. मी डबी टेबलावर ठेवली. त्याने ओळखली.

"फेकायला हवे होते, बाई. हात धजला नाही. रंग सोडा, आकार बघा ना. असा आकार मला अजून जमत नाही."

"तू माझे दात तुझ्या नंबरावर टाकलेस. परत नव्याने करून दिलेस. आणि त्या नव्या दातांवर खूण कुणाची केलीस?"

"तुमच्या नावाने गेलेलं काम, खूण तुमचीच हवी. ती रेघ काढायला मात्र महिनाभर सराव केला. टिंब बसेना."

"मला सांगितलं का नाहीस?"

"काय सांगणार? तुम्ही त्याच दिवशी ब्रश ठेवून घरी बसला असतात, आणि डोळ्यांच्या डॉक्टरकडेही गेला नसतात. तुमच्या वन्संनी कितीदा सांगून पाहिलं. म्हटलं, माझ्यावर चिडू देत. चिडल्या की बाई एक दिवस चुकत नाहीत, हे मी पहिल्या वर्षीच पाहिलंय. हळूहळू दाढांची सवय लावू, मग जमेल तसं डॉक्टरकडे नेऊ."

माझी खुंटी त्याला माहीत होती. मी ज्या रागावर शंभर दिवस जगले, तो राग त्यानेच मला जपून पुरवला होता.

"त्या बैठकीत बोलायचंस. एक वाक्य बोलायचंस."

"सगळ्यांसमोर?"

मी कसंबसं विचारलं, "आणि बाकीची लॅब? मुनी गेला, त्याचं काय?"

त्याने हातातली हातोडी खाली ठेवली. "तेच अजून कळलेलं नाही. रोज रात्री तोच विचार करतो. तुम्ही सांगितलं तसं सगळं केलं. तुमचं सांगणं बरोबरच असणार, मला ते नीट राबवता आलं नाही. माझंच काहीतरी चुकलं." आणि मग म्हणाला, "कामाच्या बाबतीत बाई खोटं सांगत नाहीत, एवढं एकच तर मला पक्कं माहीत होतं."

मी चहा न घेता उठले. जिन्यावर पायऱ्या दिसेनात, कठडा धरून उतरले.

२४ मे

दोन्ही डोळ्यांत मोतीबिंदू, चांगला पिकलेला. डॉक्टर ओरडले. पहिल्या डोळ्याचं ऑपरेशन पुढच्या आठवड्यात.

गोदामात जाऊन मुनीला भेटले. हात जोडून म्हटलं, परत ये. त्याने बराच वेळ खोकी मोजली. मग म्हणाला, "इथे कुणी टाळ्या वाजवत नाही." तो येणार नाही. त्याचं मी काही भरून देऊ शकत नाही.

२५ मे

हे मोठ्या अक्षरात लिहिते आहे, कारण आता तू वाचणार आहेस.

सकाळी मालकीणबाईंना सगळं सांगितलं. फळ्यावरचे अकरा कुणाचे ते, आणि भट्टीवाला, मेणवाली, मुनी यांना मी कसं आणि का मोडलं ते. त्या तुला परत बोलावणार आहेत. आणि माझं काय करायचं ते तू ठरवायचं, असं म्हणाल्या.

तुझं काय चुकलं, असं तू विचारत होतास. तीन फेब्रुवारीपासून वाच. तुझं एकच चुकलं: माझ्याबद्दल तुला जे पक्कं माहीत होतं, तेच.

तुला सूड घेता येत नाही, म्हणून मी शिकवते. पहिल्या दिवसापासून तुला मीच शिकवत आले. माझी खुंटी कुठली ते तुला ठाऊक आहे. ती उपटायची असेल तर अगदी सोपं आहे. मला माफ कर. सगळ्यांसमोर सत्कार कर, बावीस वर्षांच्या सेवेबद्दल चार शब्द बोल, टाळ्या वाजव आणि मानाने घरी पाठव. मी त्यातून उठणार नाही.

नाही तर ते अकरा दात माझ्या नंबरावर चढव, फळा काढला असला तरी नवा आणून चढव. आणि डोळे उघडल्यावर मला खिडकीपासून लांब बसवून पहिल्या दाढेपासून सुरुवात करायला लाव.

वही तुझ्या दाराखालून सरकवते आहे. आता तुझी पाळी.